दांतांमधील फट

वार्षिक अंकासाठीं वर्गाचा फोटो घेण्याचा दिवस आला म्हणजे कांहीं मुलें ओंठ घट्ट मिटून बसतात, हें आम्ही दरवर्षीं पाहतों. विचारलें असतां कळतें कीं, पुढील दोन दांतांत फट आहे व वर्गबंधु हंसतात. कित्येक घरांतील आजीबाई ही फट भाग्याचें लक्षण मानतात. परंतु पांचव्या इयत्तेंतील मुलाचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. आईबापहि चिंतातुर होऊन उपाय विचारतात. म्हणून ही माहिती येथें थोडक्यांत देत आहों.

प्रत्येक फट म्हणजे रोग नव्हे. दुधाच्या दांतांमध्यें मोकळी जागा असणें इष्टच होय; कारण त्यांच्या जागीं येणारे पुढचे पक्के दांत अधिक रुंद असतात. सातव्या-आठव्या वर्षीं वरचे मधले पक्के दांत येतात, तेव्हां ते पुष्कळदां एकमेकांपासून दूर व तिरपे दिसतात. हाडांत दडलेले सुळे शेजारच्या दांतांच्या मुळांवर दाब देत असतात, हें त्याचें कारण. अकराव्या-बाराव्या वर्षीं सुळे खालीं उतरले कीं लहानशी फट बहुधा आपोआप मिटते. दंतवैद्य या अवस्थेस हॅन्स अँडरसनच्या गोष्टींतील कुरूप पिलाचें नांव देतात. त्या पिलाचा पुढें राजहंस झाला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

सुळे आल्यावरहि फट राहिली, तर कारण शोधलें पाहिजे. ओंठाला हिरडीशीं जोडणारा पडदा जाड असणें, एखादा दांत मुळींच नसणें किंवा फार लहान असणें, हाडांत जादा दांत अडकणें, अंगठा चोखण्याची अथवा जिभेनें दांत रेटण्याची संवय, हीं त्यांतील मुख्य होत. यासाठींच दंतवैद्य आधीं एक्स-रे काढतो.

जसें कारण तसा उपाय. पडदा जाड असल्यास लहानशी शस्त्रक्रिया करतात. दांत सरकवावयाचे असल्यास तारा लावतात. त्यास कांहीं महिने, क्वचित् दोन वर्षेंहि लागतात. तारा काढल्यावर दांत धरून ठेवणारी क्लिप वापरण्याचा आळस केला, तर फट पुन्हां उघडते. दांताच्याच रंगाचा मसाला लावून फट बहुधा एका बैठकींत बुजवितां येते. मात्र तो कालांतरानें डागाळतो किंवा त्याचा टवका उडतो. चिनी मातीचें पातळ कवच बसविण्यासाठीं दांत सहसा थोडा घासावा लागतो व घासलेला भाग परत येत नाहीं. म्हणून वाढत्या वयांत तें टाळावें. नसलेल्या दांताच्या जागीं इम्प्लांट बसवावयाचें, तर जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते.

मोठ्या माणसाच्या जुळलेल्या दांतांत नवी फट पडूं लागली, तर ती बहुधा हिरड्यांच्या रोगाची सूचना समजावी. मशेरी व तंबाखू यांनीं हा रोग बळावतो. तेथें आधीं हिरड्यांवर उपचार, मग फटीचा विचार.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्यानें पुढील दोन दांतांभोवतीं रबरबँड अडकविलेला आम्हीं पाहिला व तत्काळ त्याच्या आईस बोलावून तो दंतवैद्याकडून काढविला. दांताचें मूळ टोंकाकडे निमुळतें असल्यामुळें असा रबरबँड हिरडींत वर वर सरकतो, दिसेनासा होतो आणि सभोंवतालचें हाड झिजवितो. निरोगी दांत अशानें कायमचे गमावले जातात.

गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील पालकांस योग्य सल्ला दूर नाहीं. मुंबई सेंट्रल येथें १९३३ सालीं स्थापन झालेलें महानगरपालिकेचें नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या शेजारीं सरकारी दंत महाविद्यालय आहे. तेथें अध्यापकांच्या देखरेखीखालीं उपचार होतात व खर्चहि खासगी दवाखान्याहून कमी येतो.

फट मिटविणें दंतवैद्याचें काम. परंतु फट असलेल्याची थट्टा थांबविणें आपल्या सर्वांचें काम आहे. ज्या देवानें सर्वांस हास्य दिलें, त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत कोणाहि मुलास तोंड झांकून हंसावें लागूं नये.