‘वाटेल तिथे’ नाही: मोटरहोममधून जुनी गावं आणि आल्प्स

हॉटेलचं बुकिंग नको, वेळेचं बंधन नको; वाटेल तिथे गाडी उभी करायची आणि झोपायचं. जर्मनीतल्या वुर्झबुर्गहून रोमँटिक रोडनं फ्यूसेनला, तिथून ऑस्ट्रियाच्या डोंगरांत, असा बेत आखणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच चित्र असतं. मोटरहोममधलं स्वयंपाकघर आणि पलंग खरे आहेत. ‘वाटेल तिथे’ मात्र खरं नाही.

जर्मनीत सार्वजनिक पार्किंगमध्ये, तसा मज्जाव नसेल तर, चालकाचा शीण जावा म्हणून एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. दाराबाहेर खुर्च्या मांडल्या की ते कॅम्पिंग ठरतं. सीमेपलीकडे टायरॉलमध्ये तर कॅम्पसाइटबाहेर कॅम्पिंगला बंदीच आहे. म्हणून ‘श्टेलप्लाट्स’ म्हणजे मोटरहोमसाठी राखलेले तळ शोधायचे. पाणी भरायची आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी असते. हे दुसरं काम जाहिरातींत कधी दिसत नाही, पण टळतही नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वजनाचा. भारतात एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून परदेशातही मोठी गाडी चालेल, असं अनेक जण गृहीत धरतात. पण आपल्या आरटीओकडून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यातल्या ‘बी’ वर्गाची मर्यादा ३,५०० किलो आहे, आणि ती भरलेल्या गाडीची. माणसं, सायकली, गॅसचा सिलिंडर, डाळ-तांदळाच्या पिशव्या, सगळं त्यात आलं. नुसतं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. रिकामी गाडीच तीन टनांच्या आसपास असेल, तर चार धडधाकट माणसं आणि त्यांच्या बॅगा यांच्यात किती उरतं, हा हिशेब घरीच करावा. सहा सीट आहेत म्हणजे सहा जणांचं सामान मावेल असं नाही. जागेआधी वजन संपतं. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवरही साडेतीन टनांपर्यंत काचेवरचा किंवा डिजिटल पास चालतो. त्यापुढच्या गाड्यांना किलोमीटरप्रमाणे टोल. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल तर पासधारकांनाही वेगळा पडतो.

जुन्या गावाच्या चौकापर्यंत गाडी नेता येईल, हीही समजूत सोडून द्यावी. तीन मीटर उंचीची गाडी मध्ययुगीन वेशीपाशी नेण्यात शहाणपण नाही. गाडी तटाबाहेर ठेवून चालत आत जावं, आणि त्यात तोटा काहीच नाही. रोमँटिक रोडवरच्या नर्डलिंगेनच्या तटावरून, छपराखालून, सुमारे २.७ किलोमीटरची पूर्ण फेरी मारता येते. हे गाव उभं आहे ते दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या विवरात. गावातलं सेंट जॉर्ज चर्च त्या आघातातून तयार झालेल्या दगडाचं आहे. याच रस्त्यावरचं रोथेनबुर्ग मात्र पाहणाऱ्याला थोडं फसवतं. तिथलं सगळंच मध्ययुगापासून जसंच्या तसं उभं आहे, असं मानलं जातं. पण ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता. युद्धानंतर तो जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला. तटाच्या डागडुजीला जगभरातून देणग्या आल्या; देणगीदारांच्या नावांचे दगड भिंतीत दिसतात. मला तर हे गाव त्यामुळेच जास्त पाहण्यासारखं वाटतं.

राहिला डोंगर. घाट जितका उंच तितका अवघड, असं नसतं. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर मार्ग होखटोरपाशी २,५०४ मीटर उंची गाठतो. ४८ किलोमीटर, ३६ वळणं. पण १९३५ साली खुला झालेला हा रस्ता अभियंता फ्रान्झ वालाक यांनी मोटारींच्या पर्यटनासाठीच आखला, त्यामुळे चढ-उतार बऱ्यापैकी सारखा आणि वळणं ऐसपैस आहेत. इटलीतला स्टेल्व्हिओ २,७५७ मीटरवर. तो १८२५ मध्ये घोडागाड्यांच्या जमान्यात बांधला गेला, आणि त्याच्या एकाच बाजूला ४८ वळणं आहेत. उंचीतला फरक जेमतेम अडीचशे मीटर. पण लांब मोटरहोम घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यानं दुसऱ्या घाटाचा हट्ट धरू नये.

आणि चढाची धास्ती घेणाऱ्यांनी खरी काळजी उताराची करावी. साडेतीन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर खाली आणली तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची शिकवण तिथेही लागू पडते. शिवाय ग्रोसग्लॉकनर रात्री बंद असतो आणि हिवाळ्यात पूर्णच; एप्रिलच्या सुट्टीत निघालात तर तो बेतातून वगळावाच लागेल.