संगणक-खेळांचे पुनश्चालन

संगणक-खेळांचे पुनश्चालन : वापरातून गेलेल्या संगणकासाठी रचलेला खेळ आधुनिक संगणकावर मूळ स्वरूपात चालविण्याच्या तंत्रास पुनश्चालन म्हणतात. छापील ग्रंथ शेकडो वर्षांनीही उघडून वाचता येतो. संगणक-खेळ हा मात्र आज्ञांचा संच असल्याने त्या पाळणारे यंत्र नाहीसे झाले, की खेळ शाबूत असूनही निरुपयोगी ठरतो.

अडचणींची कारणे : १९८१ साली आलेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकात ४·७७ मेगाहर्ट्‌झ वेगाचा इंटेल ८०८८ हा प्रक्रियक होता. त्या काळच्या काही खेळांत हालचालींची गती घड्याळावरून न ठरता प्रक्रियकाच्या वेगावरच अवलंबून असे. परिणामी पुढील संगणकांवर ते आवाक्याबाहेर जलद धावू लागले. डॉस या प्रचालन प्रणालीत खेळास पडदा, ध्वनिफलक व स्मृती यांच्याशी थेट व्यवहार करता येई. आधुनिक प्रणाली सुरक्षिततेसाठी तो रोखतात. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत तर १६-बिट आज्ञावल्या चालविण्याची सोयच नाही.

पद्धती : (१) अनुकारक : ही जुन्या यंत्राची आज्ञावलीच्या रूपातील प्रतिकृती होय. डॉसबॉक्स (२००२) या अनुकारकात प्रत्येक मिलिसेकंदास किती आज्ञा पाळावयाच्या हे ठरविता येत असल्याने जुनी गती राखता येते. (२) दुभाषी आज्ञावली : ल्यूकसफिल्म गेम्सच्या मेनिॲक मॅन्शन (१९८७) या खेळाचे कथानक एका मध्यस्थ भाषेत लिहिलेले होते. स्कमव्हीएम (२००१) हा प्रकल्प त्या भाषेचा दुभाषीच नव्याने लिहितो. खेळाच्या मूळ फायली तशाच वापरल्या जातात. (३) मूळ आज्ञावलीचे रूपांतर : इड सॉफ्टवेअर या संस्थेने डूम (१९९३) या खेळाची मूळ आज्ञावली १९९७ मध्ये खुली केली. डॉस आवृत्तीतील ध्वनिविषयक भाग इतरांच्या मालकीचा असल्याने लिनक्स आवृत्ती प्रसृत करण्यात आली. तिच्या आधारे हा खेळ असंख्य यंत्रांवर नेण्यात आला आहे. (४) यंत्राचा जीर्णोद्धार : स्पेसवॉर (१९६२) हा खेळ ज्या प्रकारच्या पीडीपी-१ संगणकावर जन्मला, त्यांपैकी एक कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझीयमने पुन्हा चालू केला आहे.

मूळ स्वरूपाचा प्रश्न : खेळ चालला म्हणजे तो जसाच्या तसा मिळाला, असे नव्हे. ३२० × २०० बिंदूंचे चित्र ४ : ३ प्रमाणाच्या पडद्यासाठी आखलेले असे, तेच चौरस बिंदूंच्या पडद्यावर दाखविल्यास वर्तुळे चपटी दिसतात. म्हणून अनुकारकांत प्रमाण दुरुस्त करण्याची सोय असते.

जतन व कायदा : चुंबकीय चकत्यांवरील माहिती कालांतराने नष्ट होते, म्हणून तिची प्रत वेळीच घ्यावी लागते, तथापि प्रत घेण्याचा अधिकार स्वामित्वहक्काशी निगडित असतो. भारतात १९५७ च्या कायद्यातील ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणक आज्ञावलीचाही समावेश होतो. हक्कधारक संस्था बंद पडली, तरी हक्क आपोआप संपत नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे २०२३ मधील एका पाहणीत आढळले. परवानगी देणारा सापडेपर्यंत चकती टिकेलच, याची शाश्वती नसते. त्यामुळे या खेळांच्या जतनात तांत्रिक अडचणींपेक्षा हा कालापव्ययच अधिक घातक ठरतो.