जन्माचे अंतर मिटत आले, मृत्यूचे उरले

लोकसंख्येचा विषय निघाला की बोट नेहमी खालच्या दिशेने दाखवले जाते. गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे, शहरातल्या झोपडपट्टीकडे, आदिवासी पाड्याकडे, मुसलमानांच्या मोहल्ल्याकडे. 'ही माणसे पोरे जन्माला घालत राहतात म्हणून देश गरीब राहतो' हे पांढरपेशा समाजाचे जुने प्रमेय आहे. ते व्याख्यानात ऐकू येते, एस.टी.च्या प्रवासात ऐकू येते, आणि राखीव जागांवर चर्चा सुरू झाली की हमखास ऐकू येते. पण प्रमेय म्हटले की ते तपासता येते. हे प्रमेय तपासण्याचे साधन सरकारनेच तयार करून ठेवले आहे. ते हाताळायला आपण शिकले पाहिजे, कारण आपल्याविषयी बोलले जाते ते आकड्यांच्या नावाने, आणि आकडे मात्र कुणी उघडून पाहत नाही.

हे साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. तिची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली. त्यानंतर १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा फेऱ्या झाल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी हे काम मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. जनगणना घर न घर मोजते. पाहणी शितावरून भाताची परीक्षा करते. शिते मात्र थोडीथोडकी नाहीत. पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरे आणि ७ लाख २४ हजार स्त्रिया यांच्याकडून माहिती घेतली गेली. किती मुले झाली, किती जगली, बाळंतपण कुठे झाले, शस्त्रक्रिया कोणती झाली, हे सारे विचारले गेले.

आपल्या दृष्टीने या पाहणीचे मोल वेगळे आहे. तिच्यात जात आणि धर्म विचारला जातो, आणि निष्कर्ष अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि 'इतर' अशा चार रकान्यांत छापले जातात. 'इतर' म्हणजे ढोबळमानाने सवर्ण. जन्म-मृत्यूचे दर दरवर्षी देणारी सरकारची दुसरी मोठी यंत्रणा आहे, ती नमुना नोंदणी पद्धती. तिच्या वार्षिक अहवालात राज्य कळते, खेडे की शहर कळते. जात कळत नाही. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हायची होती, ती झाली नाही. म्हणून या पाहणीचे रकाने हाच बराच काळ आपला आरसा राहिला आहे.

जन्माचा हिशेब

आरशात पाहण्याआधी एक संज्ञा समजून घेऊ : एकूण जननदर. आज ज्या ज्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत तेच प्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, तो हा आकडा. हा दर २.१ वर आला की एक पिढी आपल्या जागी तेवढीच दुसरी पिढी ठेवून जाते, असे शास्त्र सांगते. आईबाप दोन, मग वरचा दशांश कशासाठी? एक तर मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात. दुसरे कारण असे की काही मुले आईबाप होण्याच्या वयापर्यंत पोचतच नाहीत. त्या दशांशात मेलेली लेकरे आहेत. त्यांच्याकडे आपण पुढे येऊ.

१९९२-९३ साली देशाचा जननदर ३.४ होता. २००५-०६ साली तो २.७ झाला, २०१५-१६ साली २.२, आणि २०१९-२१ साली २.०. म्हणजे देश या पातळीच्या खाली उतरला. तरीही लोकसंख्या वाढते आहे, हे खरे. याचे कारण आज कुणाला फार मुले होतात हे नव्हे. मागच्या पिढ्यांत जन्मलेले तरुण आज मोठ्या संख्येने आईबाप होत आहेत. प्रत्येकाला दोनच मुले झाली, तरी आईबापच अधिक असल्याने मुले अधिक होतात. पायडल मारणे थांबवले तरी सायकल काही अंतर पुढे जाते, तसे हे आहे.

आता जातीचे रकाने पाहू. २००५-०६ साली अनुसूचित जातींचा जननदर २.९२ होता आणि 'इतरां'चा २.३५. अंतर अर्ध्या मुलाहून थोडे अधिक. २०१९-२१ साली अनुसूचित जातींचा दर २.०८ झाला, अनुसूचित जमातींचा २.०९, इतर मागासवर्गांचा २.०२ आणि 'इतरां'चा १.९३. दलित आणि सवर्ण यांच्यातील अंतर ०.१५ वर आले. शंभर दलित स्त्रिया आणि शंभर सवर्ण स्त्रिया यांच्यामागे फरक पंधरा मुलांचा. पंधरा वर्षांत तो जवळजवळ चौथाईवर आला.

याच्या शेजारी दुसरे फरक ठेवून पाहा. २०१९-२१ साली बिहारचा जननदर ३.० होता, तामिळनाडूचा १.८. शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा २.८ होता, बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांचा १.८. सर्वांत गरीब पंचमांश घरांतला २.६, सर्वांत श्रीमंत पंचमांशातला १.६. जातीजातींतला फरक पंधरा शतांश, आणि शाळा मिळाली की नाही याचा फरक पूर्ण एका मुलाचा. बाईला किती मुले होतात हे तिची जात ठरवत नाही. तिच्या हाती पाटी आली की कोयता, हे ठरवते. पाटी कुणाच्या हाती उशिरा आली, हा मात्र जातीचाच इतिहास आहे.

बौद्धांचा आकडा

या पाहणीत एक आकडा असा आहे की त्याची चर्चा आपल्या नियतकालिकांतही फारशी झालेली नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध/नवबौद्ध' असा स्वतंत्र वर्ग असतो. २०१५-१६ साली बौद्धांचा जननदर १.७ होता, २०१९-२१ साली १.४. देशातल्या सर्व मोठ्या धर्मगटांत हा सर्वांत कमी आहे. जैन आणि शीख यांच्यापेक्षाही कमी.

आकडा मोहात पाडणारा आहे, म्हणून सावधपणे वाचावा. पाहणीतल्या बौद्ध स्त्रियांची संख्या एकूण नमुन्याच्या मानाने लहान आहे, त्यामुळे दशांशाला फार धरून बसू नये. शिवाय त्यात लडाख, सिक्कीम, अरुणाचल येथील परंपरागत बौद्धही आहेत. तरी २०११ च्या जनगणनेत देशातले ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले होते. म्हणजे हा आकडा बव्हंशी १९५६ च्या धर्मांतराने घडलेल्या समाजाचा आहे. याच जनगणनेत बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के होती, देशातल्या एकूण स्त्रियांची सुमारे ६५ टक्के. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरबंदी होती, त्या समाजाच्या लेकी सरासरीच्या पुढे गेल्या, आणि त्यांच्या घरातला पाळणा कुणी दंडुका न उगारता थांबला.

याची बीजे दूरवर सापडतात. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला. भाषण बाबासाहेबांचे होते. सभागृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे सांगितले. त्यांच्या मांडणीत केंद्रस्थानी होती ती बाई : तिचे शरीर, तिची इच्छा, तिच्या मुलांचे शिक्षण. राष्ट्राच्या गर्दीची भीती दाखवून त्यांनी हा विचार सांगितला नव्हता.

मृत्यूचा हिशेब

जन्माचे अंतर मिटत आले. आता पाहणीचे दुसरे पान उलटू. एक वर्ष पूर्ण होण्याआधी दर हजार जन्मांमागे किती मुले दगावतात, तो अर्भक मृत्युदर. २०१९-२१ साली देशाचा हा दर ३५ होता. अनुसूचित जातींत तो ४१ होता, जमातींत ४२, इतर मागासवर्गांत ३४ आणि 'इतरां'त २८. सवर्णांची २८ लेकरे जातात तिथे दलितांची ४१ जातात.

२००५-०६ साली दलितांचा हा दर ६६ आणि 'इतरां'चा ४९ होता. दोन्ही फेऱ्यांत कालखंड मोजण्याची पद्धत थोडी वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच करावी. पण ढोबळ चित्रही पुरेसे बोलके आहे. दोघांचेही मृत्यू घटले, ही समाधानाची गोष्ट. तेव्हा दलितांचा दर 'इतरां'च्या सुमारे एक-तृतीयांशाने अधिक होता. नंतर तो जवळजवळ निम्म्याने अधिक झाला. सुधारणा सर्वांपर्यंत पोचली, पण रांग तीच राहिली.

बाळंतपणे घरी होतात म्हणून मुले मरतात, असे सांगितले जाई. २००५-०६ साली देशात ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ साली ८९ टक्के होऊ लागली. दवाखान्याचे दार उघडले, तरी हे अंतर उरले. आईच्या अंगात रक्त किती, गरोदरपणी ती कोणत्या कामावर होती, वस्तीत पाणी कोणते येते, नर्सबाई वस्तीत फेरी मारते की रस्त्यावरूनच परतते, या गोष्टी दवाखान्याच्या दाराबाहेर ठरतात. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ साली ५३ टक्के होते. २०१९-२१ साली ते ५७ टक्के झाले.

'हा जातीचा नव्हे, गरिबीचा परिणाम' हे उत्तर तयार असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने ते तपासले. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा, आसाम आदी नऊ राज्यांतल्या २०१०-११ च्या आरोग्य पाहणीवरून त्यांनी आयुर्मान काढले. सवर्ण हिंदूंपेक्षा दलितांचे आयुष्य तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. आर्थिक स्थितीतला फरक हिशेबात धरला, तरी या अंतराचा निम्मा भागही उलगडत नाही. उरलेला भाग पैशाने मोजता येत नाही. तो गावाच्या रचनेत आहे.

कुणाच्या शरीरावर?

जननदर कसा खाली आला, हेही हीच पाहणी सांगते. २०१९-२१ साली विवाहित स्त्रियांपैकी ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. लोकसंख्या नियंत्रणाचे सारे ओझे बाईच्या पोटावर आहे.

नेहमीच असे नव्हते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सक्तीचा मार सर्वांत जास्त बसला तो गरिबांना, दलितांना, मुसलमानांना. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७७ साली सरकार पडले, 'कुटुंब नियोजन' खात्याचे 'कुटुंब कल्याण' झाले, आणि लक्ष्य पुरुषाकडून बाईकडे वळले. बाई मतपेटीतून सूड घेत नाही, असा हिशेब असावा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या; त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर किमान तेरा स्त्रिया दगावल्या.

आणि आपला मराठवाडा? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची सरकारी समितीमार्फत तपासणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींत एक. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.३ टक्के आहे, म्हणजे तीस जणींत एक. दोन्ही मोजण्या सारख्या नाहीत, तरी एवढी तफावत मोजणीतल्या फरकाने भरून निघत नाही. एक दिवस खाडा झाला तर मुकादम उचलीतून दंड कापतो. पाळी म्हणजे खाडा, दुखणे म्हणजे खाडा. तेव्हा पिशवीच काढून टाकली जाते. या ऊसतोडीत दलित, भटके, वंजारी अशा भूमिहीन आणि कोरडवाहू घरांतल्या बाया आहेत. यांना 'फार पोरे होतात' असे म्हणणाऱ्याने हा आकडा मोठ्याने वाचावा.

आपण काय मागावे?

२०२७ च्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. डोकी मोजली जावीत, हे योग्यच. पण जनगणना जिवंतांना मोजते. मेलेल्यांचा जातवार हिशेब मागणे हे आपले काम आहे. नमुना नोंदणी पद्धतीने आपले मृत्युदर जातवार छापावेत. जिल्हावार अर्भक मृत्यू आणि मातामृत्यू कोणत्या वस्तीत होतात, हे जाहीर व्हावे. ऊसतोडीच्या फडावर बाईच्या रजेचा हक्क असावा आणि खाड्याचा दंड बंद व्हावा.

मुले किती हा प्रश्न आपल्याला शंभर वर्षे विचारला गेला. त्याचे उत्तर आपल्या बायकांनी शाळेत जाऊन दिले आहे. आता प्रश्न आपण विचारायचा आहे : झालेल्यांपैकी जगली किती, आणि जी गेली ती कशाने गेली?