कालव्याला जीवदान देणारा आकाशपाळणा

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव हा परिसर माजलगाव प्रकल्पाच्या सान्निध्यात वसलेला आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या धरणाच्या नाथसागरातून निघणारा उजवा कालवा १३२ किलोमीटरचे अंतर कापून सिंदफणा नदीवरील माजलगाव जलाशयात पाणी आणतो. तेलगावचा सहकारी साखर कारखाना व त्याच्या भोवतालचे उसाचे मळे पाहिले म्हणजे कालवा हा एखाद्या प्रदेशाचा कायापालट कसा घडवितो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु कालवा बांधून झाला की काम संपले असे होत नाही. गाळ साचतो, भरावावर वेड्या बाभळी माजतात, अस्तर फुटते आणि अखेरच्या शिवारापर्यंत पाणी पोहोचेनासे होते. मृतप्राय झालेला कालवा पुन्हा जिवंत करता येतो काय आणि त्याबरोबर त्याच्या काठचा प्रदेशही सावरतो काय, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर स्कॉटलंडमधील फॉलकर्क या गावी मिळते.

जलमार्ग म्हणून कालवा

आपल्याकडे कालवा म्हटले की सिंचनच डोळ्यांसमोर येते. तथापि कालव्यातून मालवाहतूक करणे ही कल्पना भारताला नवी नाही. मराठवाड्याच्या सीमेवरून वाहणारी हीच गोदावरी जेथे समुद्राकडे झेपावते, तेथे राजमहेंद्रीजवळील धवलेश्वरम येथे अभियंता सर आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला. त्यावरून काढलेल्या कालव्यांनी भातशेती भिजविली, तसेच धान्याने भरलेल्या नौकाही वाहून नेल्या. पुढे रेल्वे व रस्ते आले आणि ही वाहतूक मागे पडली.

नौकेला उतारावरून वर वा खाली नेण्यासाठी अशा कालव्यांवर जलपाश असतात. जलपाश म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला अरुंद हौद होय. नौका हौदात आली की दरवाजे बंद करावयाचे आणि पाणी भरून तिला वरच्या पातळीवर न्यावयाचे किंवा पाणी सोडून खालच्या पातळीवर आणावयाचे. ही युक्ती सोपी व भरवशाची आहे. मात्र दर खेपेला हौदभर पाणी खाली सोडावे लागते आणि वेळही फार जातो.

दोन कालवे आणि एक तुटलेला दुवा

स्कॉटलंडमध्ये फोर्थ-क्लाइड हा कालवा १७९० मध्ये व एडिंबरोकडून येणारा युनियन कालवा १८२२ मध्ये पूर्ण झाला. फॉलकर्क येथे या दोहोंच्या पातळ्यांत सुमारे ३५ मीटरचे अंतर होते. ते ११ जलपाशांच्या मालिकेने सांधले होते. ही मालिका ओलांडण्यात नौकेचा जवळजवळ सारा दिवस जाई आणि प्रत्येक वेळी सुमारे ३,५०० टन पाणी खर्ची पडे. वाहतूक घटल्यावर १९३३ मध्ये हे जलपाश मोडण्यात आले. त्यानंतर फोर्थ-क्लाइड कालवा १९६३ मध्ये व युनियन कालवा १९६५ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. कोठे रस्त्याच्या भरावाने प्रवाह अडला, तर कोठे कालवा बुजवून त्यावर वस्ती उभी राहिली. उरलेल्या पात्रात केरकचरा साचू लागला.

पुढे कालव्यांच्या काठी राहणाऱ्या कालवाप्रेमी नागरिकांनी संस्था स्थापून पात्र स्वच्छ करण्यास आरंभ केला. नव्या सहस्रकाच्या निमित्ताने दोन्ही कालवे पुन्हा जोडण्याची सुमारे ८ कोटी ४५ लाख पौंड खर्चाची योजना हाती घेण्यात आली. जुने जलपाश पुन्हा बांधण्याऐवजी अभियंत्यांनी नौका उचलणारे एक प्रचंड चक्र उभारले. २४ मे २००२ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

चक्राची रचना व कार्य

हे चक्र ३५ मीटर व्यासाचे असून ते नौकेला २४ मीटर उंच उचलते. उरलेले ११ मीटर अंतर वरच्या बाजूचे दोन जलपाश भरून काढतात. चक्राच्या दोन भुजांच्या टोकांना पाण्याने भरलेल्या दोन टाक्या बसविलेल्या आहेत. नौका टाकीत शिरते, टाकीचे व कालव्याचे दरवाजे बंद होतात, मधल्या फटीतील पाणी काढून घेतले जाते आणि चक्र फिरू लागते. अर्धा फेरा पूर्ण झाला की खालची नौका वर व वरची खाली येते. यास सुमारे पाच मिनिटे लागतात.

प्रत्येक टाकीचा भार सुमारे २५० टन असतो. एवढे ओझे हलविण्यास अफाट शक्ती लागत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एका अर्ध्या फेऱ्यास केवळ दीड युनिटच्या आसपास वीज पुरते. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप वीस-पंचवीस मिनिटे चालविण्यास जेवढी वीज लागते, तेवढीच ही होय.

याचे रहस्य आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. दहा टनांची नौका टाकीत आली की दहा टन पाणी टाकीबाहेर जाते. म्हणून एका टाकीत नौका असो, दुसरीत नुसते पाणी असो, पाण्याची पातळी सारखी राखली की दोन्ही पारड्यांचे वजन समान राहते. समतोल तराजू बोटाच्या धक्क्यानेही झुकतो, तसेच हे आहे. यंत्राला केवळ घर्षण व गतीचा आरंभ यांपुरतीच शक्ती पुरवावी लागते.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवावी, तीत लाकडी वाटी अलगद तरंगत सोडावी आणि सांडलेले पाणी तोलून पाहावे. ते वाटीच्या वजनाइतकेच भरेल.

फिरताना टाक्या कलंडत नाहीत, यामागेही एक युक्ती आहे. जत्रेतील आकाशपाळण्यात पाळणे टांगलेले असल्याने आपोआप सरळ राहतात. येथे केवळ त्यावर न विसंबता दंतचक्रांची साखळी योजिली आहे. मधले दंतचक्र स्थिर असते. टाकीला जोडलेले दंतचक्र त्याच आकाराचे असून दोहोंमध्ये लहान दंतचक्रे आहेत. त्यामुळे भुजा जेवढी फिरते, तेवढीच टाकी उलट दिशेने फिरते व कायम आडवी राहते.

प्रदेशाचे पुनरुज्जीवन

चक्राभोवतीची जमीन पूर्वीच्या उद्योगांमुळे दूषित व ओसाड झालेली होती. आज दरवर्षी लाखो लोक हे चक्र पाहण्यास येतात. उपाहारगृहे, नौकाविहार, कालव्याकाठचे पादचारी व सायकलमार्ग यांतून रोजगार निर्माण झाला. एक दुवा जोडला गेल्याने ग्लासगो ते एडिंबरो हा संपूर्ण जलमार्ग पुन्हा उपयोगात आला, हे या उपक्रमाचे खरे फलित होय.

तेलगावने काय घ्यावे?

असे चक्र माजलगावच्या कालव्यावर उभारावे, असे कोणी सुचविणार नाही. आपले कालवे सिंचनासाठी आहेत. त्यांतून पाणी आवर्तनाने सुटते, बारमाही वाहत नाही. आणि अवर्षणाच्या या प्रदेशात पाण्यावर पहिला हक्क माणसांचा, जनावरांचा व पिकांचा आहे. घेण्याजोगी आहे ती त्यामागील दृष्टी.

पहिली गोष्ट अशी की, एक दुवा तुटला की सारी व्यवस्था निकामी होते. मुख्य कालवा सुस्थितीत असूनही गावची शेतचारी बुजलेली असेल, तर अखेरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने धरण भरले काय आणि रिकामे राहिले काय, सारखेच. दुसरी गोष्ट काटकसरीची. फॉलकर्कच्या अभियंत्यांनी पाणी व वीज या दोहोंचा हिशेब मांडला आणि मगच उपाय निवडला. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, कालव्याला आपले मानणारी माणसे आधी पुढे आली, पोलादी चक्र नंतर आले.

महाराष्ट्रात यासाठी कायद्याचे अधिष्ठान उपलब्ध आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ यानुसार पाणी वापर संस्थांना पाणी मोजून दिले जावे आणि आपल्या क्षेत्रातील वितरणाची व देखभालीची जबाबदारी त्यांनी सांभाळावी, अशी तरतूद आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी आवर्तनापूर्वी शेतचाऱ्यांची पाहणी करावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कालव्यावर नेऊन पाण्याचा प्रवास समजावून द्यावा आणि अधिकाऱ्यांनी टोकाकडील शेतकऱ्याचे म्हणणे प्रथम ऐकावे. तराजूची दोन्ही पारडी सारखी असली म्हणजे २५० टनांचा भारही अल्प शक्तीने हलतो. कालव्याच्या मुखाशी असलेला शेतकरी व टोकाशी असलेला शेतकरी यांच्यात हा समतोल साधला, तर तेलगाव परिसरातील पाण्याचा प्रश्नही तितक्याच सुलभतेने सुटण्याच्या मार्गाला लागेल.