हे म्हातारे कोण?

जपानात आज शंभरातील २९ माणसे ६५ वर्षांवरची आहेत, इटलीत २४. फ्रान्समध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानला पाव शतक पुरले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९, केरळात १२.६. २०५० पर्यंत भारतातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हे म्हातारे कोण?

त्याच राष्ट्रसंघाच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ साली नोंदवले की, भारतात दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर उच्चवर्णीय स्त्रीचे ५४.१. म्हणजे साठी गाठण्यातही जात आडवी येते! देशाच्या एका सरासरीत हे दिसत नाही.

हिंगणघाट हे कापसाचे गाव. कापूस वेचून, जिनिंगमध्ये हंगामापुरते राबून कंबर वाकलेल्या आमच्या मायमाऊल्यांना कसली पेन्शन? गिरणीतून निवृत्त झालेल्यांना १९९५ च्या योजनेची पेन्शन आहे, पण २०१४ साली ठरलेले तिचे किमान महिना १००० रुपये. जपानने १९६१ मध्येच सर्व नागरिकांना पेन्शन योजनेत घेतले. आपल्याकडे श्रावणबाळ योजना! (नावातच भार पोराच्या खांद्यावर.) २०२३ पासून तिचे महिना १५०० रुपये झाले. मात्र वय ६५ हवे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. म्हणजे महिन्याला १७५०. पोरगा मजुरीला गेला की माय अपात्र! खोटा दाखला काढल्याशिवाय गरिबाला गरीब ठरता येत नाही, अशी ही अट आहे.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये वृद्धापकाळी सरकारी साहाय्याची तरतूद आहे. कलम ३७ प्रमाणे ती न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे खरे. पण ही तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे राज्याचे कर्तव्य आहे, हेही तेच कलम सांगते. सरकार अर्धेच कलम वाचते.

आमच्याकडे येणाऱ्या कित्येक आजींजवळ वयाचा पुरावा नसतो. शाळाच नव्हती, तर दाखला कुठला? त्यांनी परत जाऊ नये. श्रावणबाळसाठी शिधापत्रिकेवरचे किंवा मतदार यादीतले वय चालते. तेही नसेल तर ग्रामीण वा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो. तरीही तहसीलमधला बाबू जन्मदाखलाच मागत असेल, तर त्याच्याकडून नकार लेखी घ्या आणि तो कागद घेऊन आमच्याकडे या.