बीड ते दुबई: विमान तीन तासांचं, मग प्रवास एवढा लांबलचक का?

आजचा विषय सुचला तो माझ्या मावसभावामुळे. दुबईत नोकरी लागली, तिकीट आलं. १५ तारीख, वेळ ००:४०. पठ्ठ्या सगळं घरदार घेऊन १५ च्या रात्री मुंबईला पोचला. काउंटरवर कळलं, विमान आदल्याच रात्री गेलं! ००:४० म्हणजे १४ ची रात्र संपून १५ तारीख लागल्यावर चाळीस मिनिटांनी. नवं तिकीट उसने पैसे घेऊन काढावं लागलं. तुमचं असं होऊ नये म्हणून आज नीट हिशोब मांडू.

आधी अंतर. मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर साधारण १९३० किलोमीटर. मोठं विमान उंचावर ताशी ८००-९०० किलोमीटरने जातं. म्हणजे सव्वादोन-अडीच तास. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं हे धरून तीन-सव्वातीन तास लागतात.

आता गंमत बघा. सकाळी १० ला मुंबईहून निघालात, तर तिकिटावर पोचायची वेळ ११:४५ च्या आसपास दिसेल. पावणेदोन तासांत दुबई? नाही हो! तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. येताना उलटं. दुबईहून १० ला निघालं की मुंबईत सव्वादोन-अडीच वाजतात. साडेचार तास लागल्यासारखं वाटतं, पण खरा प्रवास तीन तासांच्या आतबाहेरच. उलट येताना विमान थोडं लवकरच पोचतं, कारण वर पश्चिमेकडून वाहणारा वारा पाठीशी असतो, हिवाळ्यात जास्तच.

मग एवढा वेळ जातो कुठं? तर रस्त्यावर! बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बीड ते मुंबई, अहिल्यानगर-पुणे मार्गे, साधारण ४०० किलोमीटर. आठ-नऊ तास धराच. म्हणजे विमानाच्या जवळजवळ तिप्पट वेळ.

म्हणून हिशोब नेहमी उलटा करायचा. समजा विमान १५ ला ००:४० चं आहे:

- परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर: १४ ला रात्री ९:४०
- रस्त्याचे नऊ तास वजा केले: दुपारी १२:४०
- घाट, ट्रॅफिक, जेवण, पंक्चर यांसाठी अडीच तास: सकाळी १०:१०

म्हणजे १४ तारखेला सकाळी दहाला बीड सोडायचं. तिकिटावर १५ लिहिलंय म्हणून १५ ची वाट बघायची नाही!

अजून एक. विमानतळाचं नाव वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर हातातले तास ट्रॅफिकमध्ये जातील.

घरात कुणाचं तिकीट आलं असेल तर आत्ता मोबाईल काढा आणि वेळ बघा. ०० ने सुरू होत असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगा, "निघायचं आदल्या दिवशी." आणि हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!