जखमेतले पाणी आणि ड्रेसिंगची निवड

जखम भरून येताना तिच्यातून जे पाणी झिरपते त्याला वैद्यकात स्राव म्हणतात, आणि त्यात पांढऱ्या पेशी, प्रथिने व पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक असल्यामुळे ते थोडे असावेच लागते. मात्र ते साचून राहिले, तर भोवतालची धडधाकट कातडी पांढरी पडून लिबलिबीत होते आणि जखम पसरू लागते. म्हणूनच जादा पाणी काढून घेताना जखमेपाशी पुरेसा ओलावा राखणे, ही शोषक ड्रेसिंगची खरी कसोटी आहे.

जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यावी, ही समजूत घरोघरी पक्की आहे. परंतु ब्रिटनमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पॉलिथिनच्या पातळ पटलाखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने चढते.

कापसाचा गॉज स्वस्त असतो, कुठेही मिळतो आणि शोषतोही बरा; पण त्यातले पाणी उडून गेले की तो वाळतो, त्याच्या जाळीत नुकतेच धरू लागलेले लाल, दाणेदार मांस अडकते आणि पट्टी ओढताच ते उपटून येते, त्यामुळे असा गॉज सलाइनने भिजवूनच सोडवला पाहिजे. भाजलेल्या जखमांत हा छळ फार होतो. मुंबईतील डॉक्टरांनी अशा जखमांवर केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरून त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले, ते पान जखमेला चिकटत नाही याच गुणामुळे.

तपकिरी समुद्रशेवाळापासून बनणारे अल्जिनेट ड्रेसिंग जखमेवर ठेवताना सुक्या, मऊ तंतूंचे असते, परंतु त्यातील कॅल्शियम आणि स्रावातील सोडियम यांची अदलाबदल होताच तंतू फुगून त्यांचा जेल होतो, तो जखमेच्या खोलगट भागातही नीट बसतो आणि किरकोळ रक्तस्राव थांबवण्यासही मदत करतो. भरपूर पाणी सुटणाऱ्या जखमेला ते योग्य ठरते, कोरड्या जखमेला मात्र ते आणखी कोरडे करते. मध्यम ते जास्त स्रावाला पॉलियुरेथेनचा फोम चालतो. कमी स्रावाला हायड्रोकोलॉइड पुरते. त्याखाली साचणारा पिवळसर, वासाचा जेल पाहून पू झाला असे समजून अनेक जण घाबरतात, पण तो ड्रेसिंगचाच भाग असतो.

पायाच्या जुनाट जखमांत यांपैकी एखादेच ड्रेसिंग इतरांहून लवकर जखम भरते, असा भक्कम पुरावा आजवरच्या तुलनात्मक अभ्यासांतून मिळालेला नाही, त्यामुळे महाग म्हणजे सरस हा हिशेब येथे लागू पडत नाही. शिरांच्या दोषामुळे झालेल्या जखमेत, धमन्यांतील रक्तप्रवाह तपासून बांधलेली दाबपट्टी, आणि मधुमेहींच्या तळपायाच्या जखमेत पायावरचा भार हलका करणे, हे उपाय ड्रेसिंगच्या निवडीपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. मधुमेह असलेल्यांनी पायाला जखम दिसताच, आणि इतरांनी ती दोन आठवड्यांत आकसली नाही तर, घरी पट्ट्या बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावी.